‘रो’ म्हणजे ओळ नव्हे: एक खेळ मराठीत आणताना

ठाण्यात नौपाड्यातल्या घरात बसून गेली बावीस वर्षे मी मुद्रितशोधनाचे काम करते. दिवाळी अंक, शालेय पुस्तके, कधी एखाद्या पतपेढीचा वार्षिक अहवाल, असे जे येईल ते तपासायचे, हा माझा व्यवसाय. फोनवर खेळल्या जाणाऱ्या खेळांशी माझा संबंध नातीच्या हातातून फोन काढून घेण्यापुरताच होता. त्यामुळे २०२४ च्या पावसाळ्यात माझा भाचा एका दुपारी भिजत घरी आला आणि “मावशी, आमच्या खेळाचं मराठी करून देशील का?” असे विचारू लागला, तेव्हा मला ते काम एखाद्या माहितीपत्रकाच्या अनुवादाइतकेच वाटले. त्यालाही तसेच वाटत होते. “अकराशे चाळीस ओळी आहेत फक्त, पंधरा दिवसांत होईल ना?” असे तो म्हणाला. प्रत्यक्षात आठ महिने लागले, आणि त्यांत ज्याला सरळ अनुवाद म्हणता येईल असे काम जेमतेम दीड महिन्याचे होते.

भाचा आणि त्याची भागीदार वागळे इस्टेटमधल्या एका भाड्याच्या खोलीत हा खेळ दोन वर्षे बनवत होते. खेळ ठाण्याच्या खाडीवरचा आहे. आजोबा संध्याकाळी जाळे टाकायला गेले ते परतलेच नाहीत, म्हणून दहा वर्षांची नात घरामागची लहान होडी घेऊन रात्री त्यांना शोधायला निघते. चेंदणी कोळीवाड्याच्या बाजूने निघायचे, तिवरांच्या बेटांवर उतरून वस्तू गोळा करायच्या, भरती-ओहोटीप्रमाणे उघडणाऱ्या आणि मिटणाऱ्या वाटा ओळखायच्या, आणि पहाटे ऐरोलीच्या अलीकडे रोहित पक्ष्यांच्या थव्यापाशी पोचायचे, असा तो सुमारे तीन तासांचा प्रवास आहे. ठाण्यात राहणाऱ्यांनी ठाण्याच्या खाडीवर रचलेली ही गोष्ट मुळात इंग्रजीत लिहिलेली होती. मला त्याचे नवल वाटले, त्या दोघांना वाटले नाही. जिथे हा खेळ विकायचा ती दुकाने, म्हणजे स्टीम आणि गूगल प्ले, ज्या साधनांनी तो बनवायचा ती साधने आणि ज्या चित्रफिती पाहून ते शिकले त्या, सगळे इंग्रजीतच होते.

पहिल्या दिवशी माझ्या हातात एक तक्ता आला. पहिल्या रकान्यात यंत्राला कळणारी खूण, दुसऱ्यात इंग्रजी मजकूर, तिसरा रकाना माझ्यासाठी मोकळा. वाक्य कोण बोलते, कोणाला बोलते, ते बटणावर आहे की संवादात आहे, याचा कुठेही उल्लेख नव्हता, आणि ओळी गोष्टीच्या क्रमाने नव्हे तर इंग्रजी वर्णक्रमाने लावलेल्या होत्या. ‘लाइट’ असा एक शब्द होता, तो मी ‘उजेड’ केला. ‘राइट’ होता, तो ‘बरोबर’ केला, कारण त्याच्या वरची ओळ प्रश्नाची वाटत होती. ‘रो’ होता, तो ‘ओळ’ केला. पंधरा दिवसांनी भाच्याने फोनवर खेळ सुरू करून माझ्यासमोर धरला. होडीत बसलेली मुलगी, हातात वल्हे, पाण्यावर चांदणे, आणि खाली उजव्या कोपऱ्यात एका गोल बटणावर माझा शब्द: ‘ओळ’. इथे ‘रो’ म्हणजे वल्हवणे; जे दाबल्याशिवाय होडी एक इंचही हलत नाही ते बटण ते होते. उजवीकडे वळण्याच्या बाणावर ‘बरोबर’ लिहिलेले होते. भाचा हसला नाही, हे त्याचे सौजन्य.

त्या दिवसापासून मी एक अट घातली. मी आधी खेळ इंग्रजीत शेवटपर्यंत खेळेन, आणि तक्त्यात प्रत्येक ओळीपुढे त्या जागेचे चित्र आणि बोलणाऱ्याचे नाव हवे. हे करण्यात त्यांचे तीन आठवडे गेले. खेळ शेवटपर्यंत न्यायला माझे किती दिवस गेले ते मी सांगणार नाही. एवढेच सांगते की दुसऱ्या बेटावरच्या चिखलात माझी होडी अकरा वेळा रुतली.

खरी अडचण मात्र त्यानंतर समोर आली, आणि ती शब्दांची नव्हती, वाक्याच्या सांध्यांची होती. खेळात सेहेचाळीस वस्तू आहेत. त्यातली एखादी हाती लागली की इंग्रजीत ‘यू फाउंड द’ एवढा साचा येतो आणि त्यापुढे यंत्र वस्तूचे नाव चिकटवते. एकच साचा, सेहेचाळीस नावे, काम झाले. मराठीत दिवा सापडला, किल्ली सापडली, वल्हे सापडले, शिंपले दोन असतील तर तेही सापडले. म्हणजे वस्तूच्या लिंगावचनाप्रमाणे क्रियापद बदलायला हवे, आणि साच्याला तर त्यात कोणती वस्तू येणार हे ठाऊकच नसते.

त्याहून अवघड साचा होता ‘ही वस्तू त्या वस्तूवर वापरा’ असा. त्यात दोन मोकळ्या जागा होत्या आणि दुसऱ्या जागेपुढे मी भाबडेपणाने ‘वर’ लिहून ठेवले होते. मग पडद्यावर येऊ लागले: ‘तेल दिवावर वापरा’, ‘दोर वल्हेवर वापरा’. तिसरीतल्या मुलानेही ‘दिव्यावर’ म्हटले असते. नामाला प्रत्यय लागण्यापूर्वी त्याचे सामान्यरूप होते हे आम्ही शाळेत शिकलो, पण ते यंत्राला कोणी शिकवलेले नव्हते. भाच्याने मोठ्या उत्साहाने सुचवले की नियम लिहून टाकू, शेवटी ‘आ’ असलेल्या पुल्लिंगी शब्दाचा ‘या’ करायचा. मी त्याला ‘नकाशा’ दाखवला. दिवा, दिव्यावर, पण नकाशा, नकाशावर. मग मासा, माशावर. मग खुद्द आजोबा, ज्यांचे ‘आजोबांना’ होते. तो बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “म्हणजे प्रत्येक शब्द हाताने भरायचा?”

या ठिकाणी त्याची भागीदार मदतीला आली. ती मुलुंडला वाढलेली, घरी तमिळ बोलणारी मुलगी आहे. मराठी उत्तम समजते, बोलताना मधून हिंदीचा आधार घेते, आणि भाच्याचे पाहून मलाही मावशीच म्हणते. ती म्हणाली, “आमच्याकडेपण असंच आहे, मावशी. झाड म्हणजे मरम्. पण झाडात म्हणायचं तर मरत्तिल्. नुसतं मागे काही जोडून चालतच नाही.” दोन वर्षे हा खेळ लिहिताना तिच्या मनात ही गोष्ट का आली नाही, असे मी तिला विचारले. ती म्हणाली की संगणकासमोर बसले की डोके आपोआप इंग्रजीत वाक्य जोडू लागते. मला हे उत्तर फार प्रामाणिक वाटले.

तिने वस्तूंचा वेगळा तक्ता केला. प्रत्येक वस्तूपुढे पाच रकाने: मूळ रूप, सामान्यरूप, लिंग, अनेकवचन आणि अनेकवचनाचे सामान्यरूप. एका संध्याकाळी मसाला दुधाच्या कपांसह आम्ही दोघींनी ते सगळे हाताने भरले. किल्ली, किल्ली, स्त्रीलिंग, किल्ल्या, किल्ल्यां. वल्हे, वल्ह्या, नपुंसकलिंग, वल्ही, वल्ह्यां. यानंतर साच्यात ‘येथे सामान्यरूप घे’ आणि ‘येथे लिंग पाहून शेवट लाव’ अशा खुणा घालता येऊ लागल्या. भाषांच्या संगणकीय नियमांची जी सार्वजनिक नोंद युनिकोड संस्था ठेवते, ती सीएलडीआर, तिच्यात प्रत्येक भाषेत संख्येनुसार किती प्रकारची रूपे लागतात ते दिलेले आहे. मराठीला दोन, रशियनला चार, अरबीला सहा. त्या हिशेबाने आपण सुटसुटीत भाषांत मोडतो, पण तो हिशेब फक्त संख्येचा आहे, ‘सापडला-सापडली-सापडले’चे ओझे त्यात धरलेले नाही.

भाच्याचा एक पर्याय मी नाकारला, त्याचे कारण सांगायला हवे. त्याचे म्हणणे होते की सगळीकडे ‘वस्तू सापडली: दिवा’ असे लिहू, ‘वस्तू’ स्त्रीलिंगी आहे, प्रश्नच मिटला. व्याकरणाने ते निर्दोष आहे आणि पुष्कळ मराठी ॲपमध्ये हीच पळवाट काढलेली दिसते. पण अंधारात चिखल उपसून मुलीला आजोबांचा कंदील मिळतो तेव्हा ‘वस्तू सापडली: कंदील’ हे पोलिसांच्या पंचनाम्यासारखे वाटते. जिथे नुसती यादी आहे अशा तीन ठिकाणी मी ते राहू दिले, इतरत्र नाही.

खेळणाऱ्याला ‘तू’ म्हणायचे की ‘तुम्ही’, हा निर्णय मी एका दिवसात घेतला आणि तो बदलावा लागला नाही. ‘तू’ जवळचे वाटते, पण ‘तू हरलास’ लिहिले की मुली बाहेर आणि ‘तू हरलीस’ लिहिले की मुलगे बाहेर. ‘तुम्ही हरलात’ या एका रूपात सगळे मावतात. तेव्हा सूचनांमध्ये ‘तुम्ही’, आणि गोष्टीच्या आत आजोबा नातीला आणि नात आजोबांना ‘तू’ म्हणते. सूचना ‘सापडले’ अशा लेखी रूपात आणि संवाद ‘सापडलं’ असे बोलीप्रमाणे अनुस्वार देऊन, हा भेदही ठरवून टाकला. कोळी बोलीचा आव मात्र आणला नाही. मला ती येत नाही आणि न येणारी बोली लिहिली की तिची थट्टा होते.

शब्दांसाठी मात्र मी कोळीवाड्यातल्या ज्या बाईंकडून पंधरा वर्षे मासळी घेते त्यांच्यापाशी जाऊन बसले. मूळ मजकुरात ‘स्प्रिंग टाइड’ असा शब्द होता आणि भाच्याने तो आधी कधीतरी यंत्राकडून भाषांतरित करून ठेवला होता: ‘वसंत भरती’. मी त्यांना ते वाचून दाखवले. “ताई, वसंत कुठला आला त्यात? ती उधाणाची भरती, पुनवेची नि अवसेची. आठमीला असते ती भांगाची,” असे त्या चिंबोऱ्यांचे पाय सुतळीने बांधता बांधता म्हणाल्या. दोन्ही शब्द कोशात आहेत, मी तपासून घेतले. पण कोशात कोणता शब्द शोधायचा हे मला त्यांच्या टोपलीपाशी कळले. चिखलात उड्या मारणाऱ्या ज्या माशाला आम्ही ‘चिखलातला मासा’ म्हणून ठेवले होते त्याची निवटी झाली तीही तिथेच.

खेळाचे म्हणून जे शब्द असतात त्यांत मी सर्वांत जास्त रमले. ‘पॉज’, ‘चेकपॉइंट’, ‘ईझी मोड’ यांना काय म्हणायचे? ‘विराम’, ‘तपासणी नाका’ आणि ‘सुलभ स्तर’ असे शब्द लिहून पाहिले आणि आमच्या सोसायटीच्या सूचनाफलकाची आठवण झाली. मग असे सुचले की खेळाची मराठी आपल्याकडे अंगणात आयती आहे, ती कोशातून आणायची गरजच नाही. दम लागला की मुले ओरडतात ते ‘टाइमप्लीज’, हाच आमचा ‘पॉज’ झाला. जिथे हात लावला की कोणी बाद करू शकत नाही तो ‘भोज्जा’, हा ‘चेकपॉइंट’. नवीन खेळ म्हणजे ‘नवा डाव’. आणि ज्याला खेळात घेतले आहे पण ज्याचे बाद होणे मोजायचे नाही, ते ‘कच्चं लिंबू’, हा ‘ईझी मोड’. अवघड पातळीला ‘पक्का भिडू’ म्हटले. ‘सेटिंग’ मात्र ‘सेटिंग’च ठेवले आणि ‘सेव्ह’ही. त्यांच्यासाठी कोणी ‘मांडणी’ आणि ‘जतन’ वापरले तर माझा विरोध नाही, पण माझ्या घरात कोणी ‘फोटो जतन कर’ असे म्हटलेले मी ऐकलेले नाही. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात मिळाला. आम्ही त्या आठवड्यात ‘श्रेयनामावली’ हा शब्द बटणावर कसा मावेल याची चिंता करत होतो.

आता अक्षरांविषयी. मुद्रितशोधक म्हणून मला हा भाग सर्वांत जवळचा, आणि त्यातच सर्वांत मोठा धक्का बसला. मराठी मजकूर पहिल्यांदा पडद्यावर आला तेव्हा ‘किल्ली’तली पहिली वेलांटी क च्या पलीकडे जाऊन ल च्या डोक्यावर बसलेली होती आणि जोडाक्षराचा पाय मोडलेला उघडा दिसत होता. कारण समजायला मला वेळ लागला, पण ते सोपे आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात अक्षरे साठवण्याच्या प्रमाण पद्धतीत, वेलांटी व्यंजनानंतर साठवतात, जशी आपण उच्चारतो. दिसायला मात्र ती व्यंजनाच्या आधी यायला हवी. साठवलेला क्रम आणि दिसणारी आकृती यांच्यामध्ये कोणीतरी जुळाऱ्याचे काम करावे लागते, जसे पूर्वी छापखान्यात खिळे जुळवणारे हाताने करत. रोमन लिपीला त्याची फारशी गरज नसल्याने खेळ बनवण्याच्या साधनांत हा जुळारी बऱ्याचदा नसतोच. त्यांनी ज्या साधनावर काम सुरू केले होते त्यात तो नव्हता. गोडो या मुक्तस्रोत इंजिनाची, म्हणजे खेळ बनवण्याच्या साधनाची, चौथी आवृत्ती मार्च २०२३ मध्ये आली, तिच्यात हार्फबझ नावाचा जुळारी अंगभूत आहे, तोच अँड्रॉइड आणि क्रोममध्येही काम करतो. त्या आवृत्तीवर सगळा खेळ हलवण्यात दोघांचा पूर्ण सप्टेंबर गेला. मराठीसाठी कोणी एवढे करेल असे मला वाटले नव्हते. भाच्याचे म्हणणे वेगळे होते. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख लोक आहेत, तेव्हा तो उपकार करत नव्हता, हिशेब करत होता.

जुळारी आला तरी चष्म्याचे काम संपले नाही. खाडीवरच्या खेळात ‘किनाऱ्यावर’ आणि ‘वाऱ्याने’ हे शब्द दर दुसऱ्या वाक्यात येतात आणि त्यांतला तो अर्धा र, पापणीसारखा दिसणारा, हिंदीत लागत नाही. भाच्याने निवडलेल्या सुंदर शीर्षक-फाँटमध्ये तो नव्हताच, त्यामुळे ‘किनार्यावर’ असा रफार उमटत होता. सूर्यातला र आणि किनाऱ्यातला र एकच नव्हे, हे मी कागदावर आकृती काढून समजावले. फाँट बदलून मुंबईच्याच एक टाइप या संस्थेचा ‘मुक्त’ घेतला, तो मुक्त परवान्याखाली मिळतो. पुढे असे लक्षात आले की हा पापणीचा र दोन तऱ्हांनी टंकित करता येतो. एकात नुक्त्याचा ऱ, हलन्त आणि य. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारे जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, यंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटतात. माझ्या घरच्या आणि भाच्याच्या संगणकावर कळफलक वेगवेगळे असल्याने निम्मे ‘किनाऱ्यावर’ एका तऱ्हेचे आणि निम्मे दुसऱ्या तऱ्हेचे होते, आणि शोधून बदलताना निम्मे नेहमी निसटत. अखेर सगळे एका तऱ्हेत आणणारी छोटी आज्ञावली भागीदारीणबाईंनी लिहिली.

सर्वांत गमतीचा प्रसंग संवादांचा. अशा खेळांत संवाद एकदम येत नाही, कोणी टाइप करत असावे तसा एकेक अक्षर उमटत जातो. इंग्रजीत ते छान दिसते. मराठीत आजोबा ‘प्रकाश’ म्हणू लागले की आधी ‘प’, मग पाय मोडलेला ‘प्’, मग एकाएकी ‘प्र’, अशी अक्षरे पडद्यावर लंगडी घालत होती. यंत्र साठवलेले सुटे संकेत मोजत होते, जुळलेली अक्षरे नव्हे. सुदैवाने जुळणी झाल्यानंतरची अक्षरे मोजण्याची सोय त्या इंजिनात आहे, एक पर्याय बदलला आणि आजोबा नीट बोलू लागले. पण तो पर्याय आहे हे शोधायला चार दिवस गेले.

ल आणि श यांच्यासाठी मी हट्ट धरला हे कबूल करते. २००९ च्या शासन निर्णयाने मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ही वळणे मान्य केली आहेत. चांगल्या फाँटमध्ये ती असतात, पण मजकूर मराठी आहे असे यंत्राला स्पष्ट सांगितले तरच बाहेर येतात, नाहीतर हिंदीची वळणे मिळतात. भाच्याला फरक दिसत नव्हता. मला दुसरे काही दिसत नव्हते.

अंकांच्या बाबतीत मी हरले. सगळे अंक देवनागरी हवेत असा माझा आग्रह होता. इंग्रजी माध्यमात तिसरीला असलेल्या नातीला खेळ दिला तेव्हा ती आनंदाने म्हणाली, “आजी, अजून नऊ जीव आहेत!” आणि पुढच्याच भोवऱ्यात खेळ संपला. तिथे ‘१’ होता. ‘७’ तिने सहा वाचला. तेव्हा आता सेटिंगमध्ये अंक निवडता येतात, आणि सुरुवातीला ठेवलेले अंक इंग्रजी आहेत. मला ते आवडलेले नाही.

खेळ तयार झाल्यावर दुकानाचे काम सुरू झाले. स्टीमवर नवीन खेळासाठी १०० डॉलर भरावे लागतात आणि विक्री १,००० डॉलरांवर गेली की ते परत मिळतात. तिथे भाषांच्या तक्त्यात प्रत्येक भाषेपुढे तीन रकाने असतात: इंटरफेस, संपूर्ण ध्वनी आणि उपशीर्षके. आजोबांची अकरा वाक्ये आम्ही मराठीत ध्वनिमुद्रित केली होती, म्हणून भाच्याला ध्वनीच्या रकान्यातही खूण करायची होती. अकरा वाक्ये म्हणजे संपूर्ण ध्वनी नव्हे, असे सांगून मी ती करू दिली नाही.

गूगल प्लेवर खाते एकदाच २५ डॉलर भरून मिळते, पण नव्या वैयक्तिक खात्याला खेळ प्रसिद्ध करण्याआधी किमान बारा परीक्षक सलग चौदा दिवस जोडलेले दाखवावे लागतात. ही संख्या पूर्वी वीस होती, डिसेंबर २०२४ मध्ये ती कमी झाली, हे आमचे नशीब. दुकानातल्या पानाचे मराठीकरण हे मी समजले होते त्यापेक्षा काटेकोर निघाले. नाव तीस वर्णांत, छोटे वर्णन ऐंशीत. ‘किनाऱ्यावर’ हा शब्द वाचणाऱ्याला पाच अक्षरांचा आहे, मोजणाऱ्या यंत्राला तो दहा वर्णांचा आहे, कारण काना, वेलांटी आणि हलन्त यांची मोजणी वेगळी होते. त्यामुळे छोटे वर्णन मी नऊ वेळा लिहिले.

बारा जण गोळा करायला मी पुढाकार घेतला. सोसायटीतले सहा, भाच्याचे तीन मित्र, नातीची शिकवणीची बाई, आणि मराठी ग्रंथ संग्रहालयात भेटणारे माझे दोन जुने वाचक-स्नेही. १८९३ साली स्थापन झालेल्या त्या संस्थेच्या वाचनालयात आम्ही तिघे फोनवर होडी वल्हवत बसलो होतो, हे दृश्य पाहणाऱ्यांना विचित्र वाटले असावे. पहिल्याच दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचा फोन आला: “अहो, मराठी मराठी म्हणता, इथे सगळं इंग्रजीच आहे.” आम्ही घरी तपासताना फोनची भाषा मराठी करून तपासत होतो. खेळ फोनची भाषा पाहून स्वतःची भाषा ठरवत होता. आणि बारापैकी अकरा जणांचे फोन इंग्रजीत होते, माझाही. म्हणजे आठ महिने राबून आणलेले मराठी जवळजवळ एकाही मराठी माणसाला आपोआप दिसणार नव्हते. आता खेळ उघडताच पहिल्या पडद्यावर भाषा विचारली जाते. भाषेची नावे त्या त्या लिपीत लिहिली आहेत, आणि झेंडे लावलेले नाहीत, कारण मराठीपुढे कोणता झेंडा लावायचा या चर्चेत एक संध्याकाळ वाया जाऊ शकते हे आम्हाला कळून चुकले होते.

परीक्षकांनी भोज्जावर प्रेम केले, निदान चाळिशीपुढच्यांनी. घोडबंदर रोडच्या संकुलांतल्या मुलांना तो शब्द नवा होता, म्हणून पहिल्या भोज्जापाशी आजोबा आता एका वाक्यात तो समजावून सांगतात. काकांनी सोपी पातळी निवडली आणि ‘तुम्ही कच्चं लिंबू आहात’ हे वाचून मला जिन्यात गाठले. “या वयात आता हेच ऐकायचं राहिलं होतं,” असे ते म्हणाले. त्या वाक्याचे ‘कच्चं लिंबू म्हणून खेळा’ असे केले आहे. त्यांचे समाधान झाले की नाही ते त्यांनी सांगितलेले नाही, पण ते अजून त्याच पातळीवर खेळतात.

खेळ मार्चमध्ये दुकानात लागला. दुसऱ्या आठवड्यात एका अनोळखी खेळाडूचा निरोप भाच्याने मला पाठवला. सुरुवातीच्या पडद्यावरचे ‘नाव बदला’ हे बटण दाबले, पण दुसरी नाव मिळाली नाही, नुसता कळफलक उघडला, अशी त्याची तक्रार होती. सगळ्या खेळात मी काळजीपूर्वक ‘होडी’ वापरली होती, ‘नाव’ म्हणून नावेचा उल्लेख एकदाही नाही. पण खाडीच्या चित्रावर, होडीच्या बरोबर खाली ते बटण होते, आणि तिथे ते वाचणाऱ्याची काही चूक नव्हती. नव्या आवृत्तीत तिथे ‘खेळाडूचे नाव’ आहे. ते दोन ओळींत मोडते, आणि बटण मोठे करायला भाचा अजून तयार नाही.